ईटच्या डोंगरात एक हिरडा

दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक सध्या एकच विचारतंय, "काय अण्णा, उत्तरंचा डोंगर कसा हाय?" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून माझं तोंड दुखायला लागलं, म्हणून हे लिहून काढतोय. माझं शिक्षण उर्दू शाळेतलं, सात इयत्ता. मराठी घरातली आणि कानडी बायकोकडची. तेव्हा शुद्धलेखन बघत बसू नका. आणखी एक आधीच कबूल करतो, मला दिशा कळत नाहीत. आमच्या जळकोटात त्यावाचून काही अडत नाही. सडक एकच, ती एकीकडं हैदराबादला जाते आणि दुसरीकडं सोलापूरला. बाकी सपाट काळं रान. चुकायचं म्हणलं तरी माणूस चुकत नाही. त्यामुळं चाळीस वर्षं मी स्वतःला हुशार समजत होतो.

जळकोट सोडलं

निघालो चौघं. सत्तरी उलटलेले माझे वडील, म्हणजे अप्पा. बायको गौरा, नऊ वर्षांची लेक निला, आणि मी. माझी थोरली बहीण, आक्का, भूम तालुक्यात ईटला दिलेली आहे. तिचा निरोप दरसाल यायचा, "एकदा सीताफळाच्या दिवसांत या, डोंगर बघा, डोहावरच्या महादेवाला जाऊ." दरसाल मी म्हणायचो, दुकान कोण बघणार? ह्या कार्तिकात अप्पा म्हणाले, "दुकान ऱ्हाईल. म्या ऱ्हाईन का न्हाय ते सांग." मग कुलूप लावलं.

तुळजापूर, धाराशिव, मोटारीचे हिसके, येडशीची लहान रेल्वे, हे सगळं सोडून देतो, त्यात धूळ सोडून काही नाही. पण वाटेत बार्शी लागते आणि बार्शी इंग्रजाच्या राज्यात. सकाळी आपण मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, दुपारी इंग्रजीत, दिवस मावळायला पुन्हा मोगलाईत. इकडं निजामाचा हाली पैसा, तिकडं इंग्रजाचा कलदार रुपया. आमच्या कचेरीत फसली महिना, बार्शीच्या ठेसनात इंग्रजी, अप्पांच्या तोंडात कार्तिक. निलानं विचारलं, "बाबा, आज तारीख काय?" मी तीन सांगितल्या. तिनं पुन्हा विचारलं नाही.

जकातीच्या नाक्यावर एका माणसानं अप्पांच्या गळ्यातली चांदीची डबी बघितली.

"बाबा, डबीत काय हाय?"

"माजा जीव हाय," अप्पा म्हणाले.

त्यानं हात जोडले आणि जाऊ दिलं. ज्यांना आमच्या लिंगवंतांची चाल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अप्पा थट्टा करत नव्हते. आमच्यात मूल जन्मलं की जंगमस्वामी येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. मोठ्या बोराएवढं, काळं, गुळगुळीत. ते जन्मभर अंगावर. रोज आंघोळ करून डाव्या तळहातावर घ्यायचं, इभूत, म्हणजे भस्म, लावायची, बेलाचं पान वाहायचं, मग अन्नपाणी. आणि ते हरवलं तर सापडेपर्यंत घास नाही की पाण्याचा घोट नाही. अप्पांनी हे साठ-सत्तर वर्षं एक दिवस न चुकता पाळलं. मी? माझ्याही गळ्यात डबी आहे. पण सकाळी दुकान उघडायची घाई, मग चहा, मग गिऱ्हाईक. अप्पांचं रोजचं बोलणं ठरलेलं, "म्हालिंगा, दुकान उघडतोस, डबी उघडत न्हाईस." मी हसण्यावारी न्यायचो.

ईट

ईटमध्ये उतरलो आणि पहिल्या तासातच माझं डोकं फिरलं. गाव मोठं, रान चांगलं, माणसं मोकळी. पण डावं-उजवं कुणी बोलतच नाही. "वरलाकडं जा, मग खाललाकडं वळा." अरे, वर म्हणजे कुठं? जमीन तर सारखीच दिसते! आक्काचं दुकान शोधत मी एका घराच्या गोठ्यात शिरलो, तिथल्या म्हातारीनं मला म्हशीचा डॉक्टर समजून शेपटीखालचं गळू दाखवलं.

आक्काचे मालक, आमचे दाजी, किराण्याचे वाणी. गडगडाटी हसणारे. आक्कानं पंचवीस वर्षांची कसर एका रात्रीत काढली. धपाटे, लोणी, कारळाची चटणी आणि ताटात खवा. आमच्याकडं खवा म्हणजे सणाचं काम. ह्या भागात घराघरात म्हशी, गल्लीच्या तोंडाला खव्याची भट्टी. निलानं भाकरीला खवा-गूळ लावून खाल्ला आणि जाहीर केलं की ती आता जळकोटला येणार नाही. गौरा इकडच्या बायकांना बघून म्हणाली, "अय्य शिवने, ह्या बाया किती भरभर बोलत्यात!" आणि बाया म्हणाल्या, "वहिनी गाणं म्हणल्यागत बोलतीया." तिचं माहेर आळंदच्या बाजूला, मराठीत कानडी हेल. मला दोन्ही कळतं आणि दोन्हीकडच्या शिव्या खाव्या लागतात.

"डोहाची वाट म्या डोळं झाकून दावतो," दाजी म्हणाले. "पावणं, तुमी फकस्त माज्या मागं चला."

आता वाटतं, डोळे झाकून नेलं असतं तर बरं झालं असतं.

डोंगर

सोमवारी दिवस उगवायच्या आत निघालो. ठरलं असं की डोहावर आंघोळ, तिथंच अप्पांची पूजा, मग शिदोरी, आणि दिवसाउजेडी परत. पायथ्यापर्यंत बैलगाडी आणि पुढं पायवाट.

आधी सगळं छान होतं. बालाघाटाची ती धार मी जन्मात बघितली नव्हती. गुडघ्याएवढं पिवळं कुसळी गवत, त्यातून काळे दगड वर आलेले, उतारावर सीताफळाची झाडंच झाडं, कुणी लावलेली नाहीत की राखलेली नाहीत. निला डोळे उघडलेली फळं तोडून ओच्यात भरत होती. मग धुकं आलं. आमच्याकडं धुकं म्हणजे सकाळी विहिरीवर जरा वाफ. इथं अप्पांची काठी दिसायची, अप्पा दिसायचे नाहीत.

"असलं धुकं धा वर्सांतनं एकदा पडतंय," दाजी म्हणाले. आवाजातला गडगडाट कमी झाला होता.

चालत राहिलो. एका लिंबाच्या झाडाखाली मेंढरांचा वाडा लागला. पाच-पन्नास मेंढरं, एक घोडं, आणि घोंगडं पांघरून शेकत बसलेली एक धनगरीण. नाव सखू, वय आक्काएवढं असेल. डोहाची वाट विचारली. "त्यो कडा हाय न्हवं, त्येला डाव्या अंगाला ठेवा." कडा कुणालाच दिसत नव्हता. आम्ही अंदाजानं डावीकडं ठेवला. घटकाभर चालून एक लिंब लागला, खाली मेंढरं, घोडं आणि सखू.

"का गं बाय, पुन्हा आलाव?" ती गौराला म्हणाली आणि खदाखदा हसली.

पुन्हा निघालो. ह्या खेपेला दाजींनी सांगितलं, "आता बोलू नका, मला वास घेऊ द्या." कशाचा वास, देव जाणे. तेवढ्यात पुढं करड्या रंगाचं एक जनावर वाटेत उभं. मी कुत्रं समजून "यू, यू" करून हाक मारली. त्यानं माझ्याकडं सावकाश बघितलं आणि धुक्यात गेलं. दाजी माझा दंड धरून म्हणाले, "पावणं, लांडग्याला कुणी यू यू करतं व्हय?" त्यानंतर आम्ही न ठरवता मागं फिरलो आणि अर्थातच लिंबाखाली सखूकडं पोचलो.

आता अप्पा थकले होते, खोकत होते. सखूनं कुठलं, कुणाकडं उतरलाय ते विचारलं आणि गरम दूध पुढं केलं. पण पूजेशिवाय अप्पा दूध कसं घेणार? म्हणून तिथंच एका दगडावर बसून, लोट्यातल्या पाण्यानं हातपाय धुऊन, त्यांनी डबी उघडली. बोटं गारठून काठ्या झालेली, डोळ्यांत मोतीबिंदू, वर ते धुकं. पूजा झाली. मग खोकला आला म्हणून त्यांनी लिंग दगडावर टेकवलं, कमरेच्या कशातले, म्हणजे कापडी पिशवीतले, बाळहिरडे शेजारी मांडले आणि एक तोंडात धरला. अप्पांच्या कशात हिरडे कायम असतात, काळे, सुकलेले, बोराएवढे. सखू म्हणाली, तिच्या घरधन्यालाही महिनाभर खोकला आहे. अप्पांनी दगडावर मांडलेल्यातले दोन उचलून तिच्या हातावर ठेवले. "तोंडात धरून ठिवायचं म्हणावं. चावायचं न्हाय." मग डबी बंद केली, दूध प्यायले.

हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. मी निलाच्या पायातलं कुसळ काढत होतो.

डोह

दुपारी धुकं उठलं, तर डोह दोन शेतं पलीकडं! सकाळपासून आम्ही त्याच्याभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरत होतो. काळ्या कातळाच्या कुशीत हिरवं पाणी, वर चिंचोळं देऊळ, गुरव सकाळीच पूजा करून खाली गेलेला. अप्पांचा चेहरा असा उजळला की माझी सगळी चिडचिड गेली. त्यांनी डोहात बुडी मारली, ओल्या धोतरानं देवळापुढं बसले. "आता देवाम्होरं एकदा धरतो," म्हणून डबी उघडली आणि कापडाची घडी सोडली.

घडीत हिरडा होता.

अप्पा त्याच्याकडं बघत राहिले. आधी मला वाटलं, ऊन लागलं त्यांना. मग कळलं. कसा उलगडत गेला आमचा गोंधळ ते सांगायला शब्द नाहीत. दाजी म्हणाले, कशात असंल. कसा झाडला, तीन हिरडे, सगळे सुरकुतलेले. गौरा म्हणाली, दगडावर राहिलं असेल. मी म्हणलं, पूजा दुसऱ्या खेपेला झाली. दाजी म्हणाले, तिसऱ्या. निलाच शेवटी म्हणाली, "अज्जा, तुम्ही त्या बाईला दिलेल्यातलं एक चकाकत होतं."

आम्ही लिंबाकडं पळालो. म्हणजे दाजी एका लिंबाकडं पळाले, मी दुसऱ्या. माझा चुकला. दाजींच्या लिंबाखाली राख गरम होती. मेंढरं नव्हती, घोडं नव्हतं.

"जाईना का अप्पा," दाजी परत येऊन म्हणाले, "ईटात जंगमस्वामी हायेत. आज सांजच्याला दुसरं लिंग बांधून घिऊ."

अप्पा एकदाच बोलले. "मंगळसूत्र हारवलं म्हणून बाई दुसरा नवरा करती व्हय?"

मग ते देवळाच्या पायरीवर बसले. खाली उतरायला तयार नाहीत. "माजा जीव ह्या डोंगरात पडलाय. म्या कुठं जाऊ?" शिदोरी उघडली नाही. गौरानं लोटा पुढं केला तर तोंड वळवलं. दाजी बायको-पोरीला घेऊन खाली गेले, माणसं आणायला. मी अप्पांजवळ थांबलो. रात्रभर थंडी, आणि अप्पा जागे. मला सारखं वाटत होतं की काहीतरी बोलावं, पण हिरड्यावर आणि लिंगावर काय बोलायचं असतं? "जरा झोपा," एवढंच म्हणत राहिलो.

मंगळवार

सकाळी दाजी चार माणसं घेऊन आले. गौरा पण आली. निलाला आक्काकडं ठेवलं होतं. मेंढरं कुठं गेली? लाकडं तोडणारा म्हणाला, वरलाकडं. खवेवाला म्हणाला, खाललाकडं. सीताफळं गोळा करणाऱ्या दोन बायांनी एकाच वेळी दोन बाजूंना हात केले. मला वाटलं, हे सगळे आपली चेष्टा करतायत. नंतर कळलं, सगळे खरं बोलत होते. डोंगरात कळप तीन होते.

पहिला कळप गाठला, तो भलत्याच माणसाचा. तो म्हणाला, "सखू? ती आमची चुलती लागती. काल रातीच तिकडं गेली," आणि ज्या डोंगरावरून आम्ही आलो होतो तोच दाखवला. मी रागानं रुमाल जमिनीवर आपटला. लगेच उचलला, कारण कुसळं लागतात. समोर डोंगराच्या घड्यांवर घड्या, निळ्या, मग जास्त निळ्या, आणि कुठंतरी एका घडीत खोकणाऱ्या एका धनगराच्या गालात माझ्या बापाचा जीव! हसावं की रडावं, मला समजेना.

दुपारी परत आलो. अप्पांचे ओठ पांढरे पडले होते, जीभ जड झाली होती. गौरा पदर तोंडावर धरून बसलेली. मला बघून कानडीत म्हणाली, "काहीतरी करा. म्हातारा जातोय." अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

दाजींनी मला बाजूला घेतलं.

"पावणं, रागावणार न्हाय न्हवं? समदी लिंगं काळीच असत्यात."

मी त्यांच्या गळपट्टीला हात घालणार होतो. मग माझाच हात माझ्या डबीवर आला. ह्याच अप्पांनी, त्यांचं लिंग बांधलं त्याच मठाच्या स्वामींकडून, चाळीस वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात बांधून घेतलेलं. तेवढंच मोठं. तसंच काळं. मी डबी उघडली. कितीतरी महिन्यांनी उघडली असेल, झाकण घट्ट बसलं होतं, दातानं काढावं लागलं. त्याची मला लाज वाटली. दाजी दुसरीकडं बघत होते.

"अप्पा," मी पायरीशी जाऊन म्हणलं, "मिळालं. सखू घाटाखाली भेटली."

अप्पांनी दोन्ही हात पुढं केले. डाव्या तळव्यावर घेऊन त्यांनी इभूत लावली, बेल वाहिला आणि बघत बसले, किती वेळ ते मला ठाऊक नाही. मग लोटा उचलून घटाघटा पाणी प्यायले. गौरा ढसाढसा रडली. मी पण रडलो. आपण खोटं बोललो आणि बाप वाचला. आता ह्याला पाप म्हणावं का पुण्य, मला तेव्हा कळलं नाही आणि आज लिहितानाही कळत नाही.

परत ईट

आक्कानं त्या रात्री खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, केली. वर तूप, दूध. अप्पा दोनदा वाढून घेऊन जेवले. मी पंगतीतला माणूस, सगळ्या पाहुण्यांत माझं नाव आहे. दिवसभर डोंगर तुडवलेला, पोटात आग पडलेली. हुग्गीचा घास तोंडात घातला आणि तो खाली जाईना.

पहिल्यांदा वाटलं, दमलोय. सकाळी आक्कानं धपाटा दिला. तोंडात फिरवत बसलो, शेवटी बाहेर जाऊन टाकला. दुपारी तेच. पाणी जात होतं, तेवढा मोठा भक्त मी नव्हे. पण अन्न जाईना. मी स्वतःलाच शिव्या घातल्या. अरे गाढवा, महिनेच्या महिने डबी न उघडता शेव-भजी खात होतास, तेव्हा कुठं अडकत होतं? कुणाला सांगणार? गळ्यात हलकी डबी, आणि चालताना ती अंगाला लागली की दचकायचो.

"पोट बिघडलंय," मी आक्काला म्हणलं. तिनं ओवा दिला. गौरानं माझ्याकडं असं बघितलं की तिला सगळं कळलंय हे मला कळलं.

बुधवारी रात्री अप्पा म्हणाले, "म्हालिंगा, दोन दिस झालं, तू ताटावरनं उठतोस."

"सीताफळं लई खाल्ली, अप्पा."

"तू सीताफळ खाल्लेलं म्या बघितलं न्हाय," अप्पा म्हणाले.

गुरुवारी दुपारी आम्ही सगळे ओसरीवर होतो. दारात घोंगडं पांघरलेली बाई येऊन उभी राहिली.

"वाण्याचं घर हेच न्हवं? जळकोटचं बाबा हितंच उतरल्यात न्हवं?"

सखू!

तिनं पदराची गाठ सोडली. आत लोकर, लोकरीच्या आत लिंग. "बाबा, ह्यो तुमचा हिरडा न्हवं. धन्याला द्याला काढला तर हाताला गुळगुळीत लागला. बघतिया तर इभूत! म्हणलं, ही खायाची चीज न्हाय, कुणाच्या तरी देवाची हाय. मेंढरं लेकीवर सोडून आले. कालपास्नं चालतिया, त्यात दोनदा वाट चुकले बगा."

दाजी उठून आत गेले. निला म्हणाली, "मग अज्जाच्या गळ्यात कुठलं हाय?"

अप्पांनी आपली डबी उघडली. सखूच्या हातातलं घेतलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुजी उघड."

मी उघडली. रिकामी.

"कधीपास्नं जेवला न्हाईस?"

"मंगळवारपासनं."

"कुणी सांगितलं व्हतं तुला?"

"कुणी न्हाय, अप्पा. जातच न्हाय खाली. मला काय कळंना."

अप्पांचे डोळे भरून आले. मला वाटलं, खोटं बोललो म्हणून आता काठी बसणार. तेवढ्यात आक्का पुढं झाली. आमची आक्का म्हणजे हात आधी आणि विचार मागनं. परक्या हाताचं, पदरातून आलेलं, म्हणून शुद्ध करायला तिनं दुधाची वाटी आणली, आणि अप्पांच्या तळव्यावरचं एक आणि डबीतलं एक, दोन्ही त्याच वाटीत सोडून बोटानं चांगली खळखळून धुतली.

"आक्का!" मी ओरडलो.

"काय झालं?" ती म्हणाली. मग वाटीत बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

पाटावर दोन लिंगं. एकाच मठाची, एकाच मापाची, दोन्हींना दूध लागलेलं. गौरा वाकून बघून म्हणाली डावीकडचं मामंजींचं. दाजी दारातून म्हणाले उजवीकडचं. निला म्हणाली दोन्ही अज्जाची. मी बघत राहिलो तितकी ती जास्तच सारखी दिसायला लागली. सखू बिचारी म्हणाली, "म्या आनलेलं यवडंच व्हतं," आणि बोट आणि अंगठा दाखवला, त्यानं काय होणार?

अप्पांनी दोन्ही हातात घेतली. डोळे मिटले. एक डाव्या तळव्यावर, एक उजव्या. साठ वर्षं रोज धरलेलं, हाताला कळेलच की! अप्पांनी डोळे उघडले, एक कापडात गुंडाळून माझ्या डबीत घातलं, झाकण लावलं आणि डबी माझ्या गळ्यात सारखी केली. दुसरं आपल्या डबीत ठेवलं.

"कसं वळखलंत, अप्पा?" मी विचारलं.

"वळखलं न्हाय," अप्पा म्हणाले. "दोन दिस तुजं गळ्यात व्हतं, तवाबी वळखलं न्हाय. साठ वर्सं माजं माजं म्हणत व्हतो." मग सखूकडं वळले. "बस बाय. उपाशी आली असशील. आक्का, पानं मांड."

आक्कानं ओसरीवरच पानं मांडली. सखूला अप्पांच्या शेजारी बसवलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, उरलेली हुग्गी. आमच्या घरात अप्पांनी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नाही, अगदी निलासुद्धा. मी हात धुऊन वाट बघत बसलो. अप्पा घेईनात. भाजीची वाफ जायला लागली.

"अप्पा, घ्या की," मी म्हणलं.

"आज आधी तू," अप्पा म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

मी भाकरी मोडली, भाजीला लावली आणि तोंडात घातली. घास गेला. अप्पांनी तो खाली उतरेपर्यंत माझ्या गळ्याकडं बघितलं, आणि मग स्वतःच्या ताटाला हात लावला.